हाताखाली काय आहे, हे शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयाची परीक्षा मी उत्तीर्ण झाले, हे आपल्याला कळवले होतेच. हे पत्र त्या निकालापुरते नाही. स्वतःचे फिजिओथेरपीचे काम सांभाळून आपण आम्हा मसाज थेरपीच्या प्रशिक्षणार्थींना संध्याकाळी जे शिकवलेत, त्याचा उपयोग आता प्रत्यक्ष सरावात पावलोपावली होतो आहे. तो नेमका कोठे होतो ते जाहीरपणे लिहावे असे वाटले, कारण या क्षेत्रात येणाऱ्या पुष्कळांना हा विषय म्हणजे प्रमाणपत्राच्या वाटेतला अडथळा वाटतो.

तसे वाटणे स्वाभाविकही आहे. प्रौढ शरीरातील २०६ हाडे, ६०० हून अधिक स्नायू, शिवाय चेता (मज्जातंतू), रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या (लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या), ग्रंथी. आणि यांतील बहुतेकांची नावे लॅटिन किंवा ग्रीक. आपण मात्र यादी पाठ करून घेतली नाहीत. प्रत्येक स्नायूबाबत तो कोठून निघतो, कोठे जोडला जातो आणि आकुंचन पावल्यावर काय हलते, एवढेच विचारलेत. तेही पुस्तक मिटून, स्वतःच्या अंगावर बोट ठेवून दाखवायला लावलेत. ट्रॅपिझियस हा मान-पाठीचा स्नायू कवटीच्या मागच्या बाजूपासून निघून छातीच्या बाराव्या मणक्यापर्यंत पसरतो, खांद्याच्या पात्याला आणि गळ्याजवळच्या हाडाच्या बाहेरच्या भागाला जोडला जातो, त्याचे वरचे तंतू खांदा उचलतात आणि खालचे तंतू पाते खाली ओढतात, हे एकदा हाताने समजल्यावर मान दुखते म्हणून आलेल्या माणसाची केवळ मान चोळत बसणे शक्यच राहत नाही. हात आपोआप पाठीच्या मध्यापर्यंत जातो.

सर्वांत मोठे ऋण मात्र वेगळे आहे. हात कोठे ठेवू नये, हे आपण शिकवलेत, आणि नियम म्हणून न सांगता कारणासह शिकवलेत. गुडघ्याच्या मागच्या खळगीत रोहिणी (हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी), नीला (हृदयाकडे रक्त आणणारी वाहिनी) आणि चेता यांना संरक्षण देणारा जाड स्नायू नसतो, म्हणून तेथे खोल दाब नाही. गळ्याच्या बाजूला जबड्याच्या कोनाखाली, जेथे मुख्य रोहिणी दुभागते, तेथे रक्तदाबाची नोंद ठेवणारी यंत्रणा आहे. तिच्यावर दाब पडल्यास हृदयाची गती मंदावून माणसाला भोवळ येऊ शकते. कमरेच्या वर, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास मूत्रपिंडे आहेत, म्हणून तेथे थोपटण्याचा जोर आवरायचा. गुडघ्याच्या किंचित खाली, बाहेरच्या अंगाला, फिब्युला हाडाला वळसा घालणारी चेता त्वचेच्या इतकी जवळ असते की तिच्यावर फार वेळ दाब राहिला तर पाऊल वर उचलणे अवघड होऊ शकते. टेबलावर माणसाला झोपवताना उशीची कड कोठे येते, हे मी आता न चुकता पाहते ते यामुळेच.

यातही पोटरीबद्दल आपण जितका वेळ दिलात तितका बहुधा अन्य कशालाही दिला नसेल, आणि ते योग्यच होते. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल, विशेषतः त्या माणसाची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा तो बराच काळ अंथरुणाला खिळलेला असेल, तर तो ताठरलेला स्नायू नसून खोल नीलेत झालेली रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात पोहोचली तर जीवावर बेतते. अशा वेळी थेरपिस्टचे काम मसाज न करणे आणि त्या माणसाला ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवणे एवढेच आहे. निदान करणे थेरपिस्टच्या कक्षेत येत नाही, पण शंका येण्याइतके ज्ञान असणे मात्र त्याच्या कक्षेत येते, हा भेद आपण फार नेटका समजावलात.

शरीरक्रियेच्या तासांपैकी हार्वे यांच्या प्रयोगाचा तास मला विशेष स्मरतो. रक्त हृदयातून निघून पुन्हा हृदयाकडेच येते, हे इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले आणि त्यासाठी हाताच्या नीला साध्या बोटाने दाबून दाखवल्या. तोच प्रयोग आपण आम्हाला करायला लावलात: दंडाला पट्टी बांधून कोपराखालच्या हातावरची फुगलेली नीला एका बोटाने दाबून धरायची, दुसऱ्या बोटाने तिच्यातील रक्त कोपराच्या दिशेने झडपेच्या पुढे सारायचे आणि ते दुसरे बोट उचलायचे. मधला तुकडा रिकामाच राहतो, कारण झडप रक्ताला मागे फिरू देत नाही. खालचे बोट उचलताच तो खालून भरतो. हातापायांवर मसाज करताना लांब, भरीव हात हृदयाच्या दिशेने का फिरवायचे, हा प्रश्न त्यानंतर वर्गात कोणी विचारला नाही. लसीकेचे गणितही त्याच ओघात आले. तिला हृदयासारखा स्वतंत्र पंप नसतो, तिच्या वरवरच्या वाहिन्या त्वचेच्या लगेच खाली असतात, म्हणून तेथे जोराची गरज नसते. हलका, संथ हात पुरतो. अधिक जोर म्हणजे अधिक लाभ, असे मानणाऱ्या ग्राहकांना हे पटवणे अजूनही सोपे जात नाही, हा भाग निराळा.

आमच्या व्यवसायात सर्रास केल्या जाणाऱ्या काही दाव्यांना आपण कात्री लावलीत, त्याबद्दलही आभार मानते. मसाजाने शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडतात, हे वाक्य कितीतरी माहितीपत्रकांत असते. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, हे आपण शांतपणे फळ्यावर काढून दाखवलेत. व्यायामानंतर वाढलेले लॅक्टिक आम्ल साधारण तासाभरात आपोआप पूर्ववत होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही, हेही सांगितलेत. काही सहाध्यायींना त्या दिवशी आपण व्यवसायाचा पायाच काढून घेत आहात असे वाटले. माझे मत नेमके उलट होते. केसाळ त्वचेतील काही विशिष्ट चेतातंतू सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर इतक्या संथ स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि तो स्पर्श सुखद जाणवतो, ही सिद्ध झालेली गोष्ट विषद्रव्यांच्या कथेहून मला कितीतरी अधिक रंजक वाटते, आणि ती ग्राहकाला सांगताना नजर चुकवावी लागत नाही.

आपण दिलेल्या आकृत्यांची वही मी नव्या तुकडीला वापरायला दिली आहे. आपण तशी परवानगी दिलीच होती. खांद्याच्या चार लहान स्नायूंचे पान फार हाताळल्यामुळे फाटू लागले होते, म्हणून ती आकृती मी नव्याने काढली आहे; ती आपल्या नजरेखालून जावी अशी विनंती आहे. शिवाय एक शंका विचारायची आहे. पित्ताशयाचे दुखणे कधीकधी उजव्या खांद्यात जाणवते, कारण श्वासपटलाला जाणारी चेता मानेतील ज्या मणक्यांच्या पातळीवरून निघते तेथेच खांद्याच्या त्वचेची संवेदनाही पोहोचते, हे आपण शिकवले आहे. मग असा खांदा घेऊन आलेल्या माणसाला पहिल्या भेटीत कोणकोणते प्रश्न विचारावेत, हे आपल्या सवडीने कळवाल का?

आपली विद्यार्थिनी