ग्राफिक डिझाइनच्या पदवीत देवनागरीला जागा हवी

महोदय,

म्हापशात छपाईचा व्यवसाय करत असल्यामुळे उपयोजित कलेची पदवी घेतलेली मुले-मुली कामासाठी माझ्याकडे येत असतात. त्यांना रंगांची जाण असते, मांडणीचा डोळा असतो आणि संगणकावर त्यांचा हात सफाईने चालतो. तरीही पहिले मराठी किंवा कोंकणी काम हाती दिले की त्यांच्या शिक्षणातली उणीव उघडी पडते, आणि तिचा दोष मी त्या मुलांना मुळीच देणार नाही.

नुकतेच एका देवस्थानाच्या जत्रोत्सवाचे पत्रक अशाच एका हुशार पदवीधर मुलीकडे सोपवले होते. तिने केलेल्या पहिल्या मसुद्यात ‘कार्तिक’मधली वेलांटी भलत्याच अक्षरावर गेली होती, ‘उत्सव’मधले जोडाक्षर फुटून पाय मोडका त दिसत होता आणि शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवल्याने शिरोरेषेचे तुकडे झाले होते. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठी मजकूरजुळणीचा वेगळा पर्याय निवडावा लागतो, तो न निवडल्यास अक्षरे अशी विस्कटू शकतात, हे तिला चार वर्षांत कोणी सांगितलेच नव्हते. समितीने जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून पाठवलेला मजकूर तो फॉन्ट जवळ नसेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेतांत, आणल्याशिवाय वाचता येत नाही, हेही तिला आमच्याकडेच प्रथम कळले.

सॉफ्टवेअरची माहिती आठवड्याभरात देता येते, लिपीची नजर मात्र तशी येत नाही. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत, त्यामुळे शीर्षकाला उठाव द्यायचा तो अक्षरांच्या जाडीतून, आकारातून आणि भोवतीच्या मोकळ्या जागेतून. मात्रा वर आणि उकार खाली जात असल्याने दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त अंतर लागते. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. आयआयटी मुंबईत शिकवलेल्या र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरतज्ज्ञांनी या लिपीसाठी मोठे काम करून ठेवले आहे आणि मुक्त, बलू यांसारखे उत्तम देवनागरी फॉन्ट आज विनामूल्य मिळतात. साहित्य हाताशी असताना ते वापरायला शिकवले जात नाही, याचे वाईट वाटते.

गोव्यात तर ही गरज अधिकच आहे. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही मुभा मिळाली. तियात्राची, म्हणजे इथल्या कोंकणी नाटकाची, जाहिरात मात्र रोमी (रोमन) लिपीत होते आणि दुकानाच्या पाटीवर इंग्रजीही असते. एकाच फलकावर दोन लिप्या समतोल बसवणे हे इथल्या डिझायनरचे रोजचे काम आहे.

मुलांना नोकऱ्या पुण्या-बंगळुरूत मिळतात आणि तिथे काम इंग्रजीत चालते, असे सांगितले जाते. ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण बँकांची आणि सरकारी सेवांची मोबाइल ॲपसुद्धा आता भारतीय भाषांत येत आहेत, आणि तिथेही तुटलेली जोडाक्षरे मी पाहतो. शिक्षकांची अडचणही मला समजते, कारण त्यांनाही हे कोणी शिकवलेले नसते.

गोवा विद्यापीठात मराठी आणि कोंकणी दोन्ही विषयांचे अध्यापन होते. तिथल्या प्राध्यापकांनी कला शाखेच्या शिक्षकांबरोबर मिळून देवनागरी अक्षररचनेचे एक पूर्ण सत्र आखावे, आणि त्याला प्रत्यक्ष कामावर गुण असावेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इंटर्नशिपला जागा दिली आहेच; त्यातला काही काळ विद्यार्थ्यांनी छापखान्यात घालवला, तर पडद्यावरचा झगझगीत निळा रंग कागदावर मळका का उतरतो आणि कडेला तीन मिलिमीटर जादा का सोडावे लागतात, हे त्यांना यंत्रापाशीच कळेल. अशा विद्यार्थ्यांना यंत्रापाशी उभे करून शिकवायला मी तयार आहे. अभ्यासमंडळाने पुढच्या बैठकीला एखाद्या मुद्रकालाही बोलवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक मुद्रक, म्हापसा