काकू, तुमच्या त्या कासवाबद्दल थँक्यू म्हणायचं राहिलंच होतं

काकू, हे तुम्हाला समोर बसून सांगायला गेले तर तुम्ही "अगं चल, चहा घे आधी" म्हणून विषय बदलणार हे मला पक्कं माहितीये, म्हणून इथे लिहितेय, तुमची सून वाचून दाखवेल.

२०२४ च्या चैत्रातली गोष्ट. तुम्हाला आठवत असेल मी तेव्हा कशी होते ते. लेकीला बंगळुरूच्या डिझाइन कॉलेजात ॲडमिशन मिळत होती, फी भरायची शेवटची तारीख मे महिन्यात, आणि घरात आम्ही दोघीच असल्याने ती गेली की मी एकटी. हो म्हणवत नव्हतं आणि नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं. मग मी खुणा शोधत बसायचे. घड्याळात ११:११ दिसलं की गूगल, अंक बघणाऱ्या एका बाईंना पैसे देऊन झाले (त्या म्हणाल्या दक्षिण दिशा जड आहे, म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक), व्हॉट्सॲपवर कोणीतरी टाकलं म्हणून पितळी कासव आणून पाण्याच्या वाटीत उत्तरेकडे ठेवलं. आणि कासवाची अंगठी घालतात ना, तिच्यातल्या कासवाचं तोंड आपल्याकडे की बाहेर यावर मी ऑफिसात अर्धा तास वाद घातलेला आहे, आता सांगायला लाज वाटते.

आणि तृतीयेला, ११ एप्रिलला, तुम्ही दार वाजवलंत. "गुडघे वाकत नाहीत गं, महिनाभर चैत्रांगण तू काढ, मी खुर्चीत बसून सांगते." चैत्रगौरीपुढची रोजची रांगोळी, आणि मला तर साधे ठिपके जोडताना घाम फुटतो. पण तुम्ही पाटाला गेरू लावून तयारच ठेवला होता.

पहिले काही दिवस नुसता वैताग. वर मधोमध मखरात गौर, एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र, मग शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्म, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती, नाग, कासव, आणि त्याच रांगेत फणी, आरसा, करंडा. मला हेच भारी वाटलं होतं, की देवाच्या गदेशेजारी बाईची फणी, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. मी प्रत्येकाचा अर्थ विचारत होते, वहीच घेऊन बसले होते, आणि तुम्ही म्हणालात, "माझी आई गोपद्म काढताना आमच्या गोठ्यातल्या कपिलेचं नाव घ्यायची, माझी सासू काहीच बोलायची नाही. तू काढ तर आधी." वही तिथेच बंद झाली.

आठवडा झाला असेल, तुम्ही चष्मा पुसत सहज म्हणालात, "तुझं कासव रोज पाय आत घेऊनच बसलेलं असतं गं." मी बघितलं तर खरंच, नुसता गोल आणि पुढे टिंबाएवढं डोकं. म्हटलं म्हणजे काय काकू, तर तुम्ही, "मला काय ठाऊक? कासव तुझं आहे."

त्या वाक्याचा मला दोन दिवस राग आला होता, खरं सांगते.

मग हळदीकुंकवाच्या दिवशी हरभरे निवडताना तुम्ही जुनी गोष्ट काढलीत, कासवी पिल्लांना पाजत नाही, भरवत नाही, लांबून नुसत्या नजरेनं वाढवते. मी लगेच शहाणपणा केला. म्हटलं काकू, हे खोटंय, लेक चौथीत असताना आम्ही कोकणात वेळासला गेलो होतो कासव महोत्सवाला, तिथल्या माणसांनी सांगितलं की मादी शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते, पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात तेव्हा ती कुठेच नसते. पिल्लांवरची टोपली उचलली आणि ती एवढीएवढीशी पिल्लं आपली आपण पाण्याकडे सरपटत गेली, लेक टाळ्या वाजवत होती आणि मी मात्र रडले होते. तुम्ही हरभऱ्यातून नजरही वर न करता विचारलंत, "मग तू यातली कुठली कासवी?"

रात्रभर झोप नाही. बंगळुरू, लोन, मुलीची सेफ्टी हे सगळं मी लोकांना सांगायचे तेव्हा पोटात काही व्हायचं नाही, पण संध्याकाळी सातला कुलूप उघडून आत अंधार असणार, हे मनात आलं की पोटात गोळा. म्हणजे मला तिची काळजी नव्हतीच फारशी, मला माझी होती. हे ना अंकवाल्या बाईंना दिसलं ना मला. वाईट वाटलं, पण जरा हलकंही वाटलं.

ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात कासव आहे, हे मला नंतर कीर्तनात कळलं. मी समजायचे कासव म्हणजे अंग आवरून घेणं, बस. पण माऊलींचं कासव आधी खुशीत अवयव पसरतं, आणि मनात येईल तेव्हा आपले आपण आत घेतं. दोन्ही त्याच्याच हातात.

चमत्कार वगैरे काही झाला नाही हं. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मी फी भरली, ती पण दोनदा ओटीपी चुकवून. दुसऱ्या दिवशी शेवटच्या चैत्रांगणात कासवाला चार पाय काढले, एक बराच वाकडा, आणि तुम्ही बघून फक्त "हं" म्हणालात.

लेक आता तिकडे मजेत आहे. सातचं कुलूप अजूनही आवडत नाही, पण बऱ्याचदा मी ते उघडायच्या आधी तुमच्याकडेच येते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पितळी कासव आता पेपरवेट आहे.

या चैत्रात गेरू आणि रांगोळी माझ्याकडून. आंबेडाळ मात्र तुम्हीच करा, माझी दरवेळी कोरडी होते.