हरणार हे आधीच कळलं की नेते काय करतात

प्रिय आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की तिकडचे लोकपण आपल्यासारखे निवडणूक आली की पैसे वाटतात का, आणि मी ऑफिसातून निघायच्या घाईत होते म्हणून काहीतरी हो-नाही करून ठेवून दिला फोन. पण विषय डोक्यातून गेला नाही, म्हणून आज नीट लिहिते. आई, तू लगेच चष्मा काढून ठेवू नकोस, मध्ये तुझ्यासाठीपण मसाला आहे.

२०२४ ची इथली, म्हणजे ब्रिटनची, निवडणूक मी अगदी जवळून बघितली, नुसती बघितली नाही तर मतपण दिलं. कॉमनवेल्थ देशातला माणूस इथे रीतसर राहत असेल तर त्याला मतदान करता येतं, त्यामुळे मी आपला भारतीय पासपोर्टच ओळखपत्र म्हणून दाखवला आणि पेन्सिलीने कागदावर फुली मारून आले. बोटाला शाई नाही, मशीन नाही, आणि बाहेर पक्षाचं टेबल टाकून चहा पाजणारी पोरंपण नाहीत. जरा चुकल्यासारखं वाटलं खरं सांगायचं तर.

तर हुजूर पक्ष, म्हणजे इथले कॉन्झर्व्हेटिव्ह. १४ वर्षं सत्तेत होते आणि शेवटची जवळजवळ दोन वर्षं त्यांना स्वच्छ दिसत होतं की आपण जाणार. सप्टेंबर २०२२ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस बाईंच्या सरकारने ते मिनी बजेट आणलं, कर कमी करायचे पण पैसा कुठून आणायचा त्याचा पत्ता नाही, बाजार कोसळला, गृहकर्जाचे दर वर गेले आणि बाई ५० दिवसांतच घरी. तिथून जनमत चाचण्यांत विरोधातला मजूर पक्ष (लेबर) जो पुढे गेला तो गेलाच. मग ऐन दिवाळीत पंतप्रधान म्हणून ऋषी सुनक यांची निवड झाली, तुम्ही पेढे आणले होते बाबा, आठवतंय ना, आई तेव्हा म्हणाली होती की बुडत्या जहाजाचा कॅप्टन केलाय बिचाऱ्याला, पेढे कसले खाताय. आई, तू तेव्हाच बरोबर होतीस.

आता पैसे वाटण्याचं. वाटले, पण साहेबी पद्धतीने. पगारातून नॅशनल इन्शुरन्स म्हणून जे कापतात ते जानेवारी २०२४ ला १२ टक्क्यांवरून १० केलं आणि एप्रिलला १० वरून ८. ऐकायला केवढं मोठं वाटतं! पण करमाफीची मर्यादा २०२१ पासून १२,५७० पौंडांवरच गोठवून ठेवलेली, म्हणजे पगार वाढला की जास्त भाग करात जाणार, एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढून घेतलं. माझ्या पगाराच्या स्लिपवर दोन आकडे हलले, पण ऑफिसात त्यावर कोणी एक वाक्यसुद्धा बोललं नाही. आणि इकडे आपल्याकडे बघा, त्याच वर्षी जूनमध्ये लोकसभेला महायुतीच्या ४८ पैकी १७ जागा आल्या, त्याच महिन्याच्या २८ तारखेच्या बजेटमध्ये लाडकी बहीण आली, १५०० रुपये थेट बाईच्या नावाच्या खात्यात, मोबाईलवर मेसेज. मावशीने तो मेसेज मला स्क्रीनशॉट काढून पाठवला होता आणि आई तू पासष्टच्या वर म्हणून तुला नाही, त्यावरून केवढी चिडली होतीस! (मसाला तो हाच.) त्यात पुन्हा शेतीपंपांचं वीजबिल माफ, वर आचारसंहिता लागायच्या आदल्याच दिवशी मुंबईच्या पाच नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ. नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला तर एकट्या भाजपला १३२ आणि समोरचे तीन मोठे पक्ष मिळून ४६. नुसत्या पैशाने झालं असं मी म्हणत नाही, समोरचेही लोकसभेनंतर आपणच आलो अशा हवेत होते, मुख्यमंत्री कोण यावरून रुसवेफुगवे चालले होते. पण पाच महिन्यांपूर्वी मार खाल्लेला माणूस कसा हातपाय मारतो आणि जिंकल्यासारखं वाटणारा कसा सुस्तावतो ते एकाच वर्षात दिसलं.

सुनक यांना तेवढं करायला ना वेळ राहिला होता ना लोक ऐकायच्या मूडमध्ये होते. खरंतर जानेवारी २०२५ पर्यंत थांबता आलं असतं, तरी २२ मे ला त्यांनी ४ जुलैची तारीख जाहीर केली, पंतप्रधानांच्या घराच्या, दहा नंबरच्या दारासमोर, धो धो पावसात, छत्री नाही, सूट चिंब, आणि गेटबाहेर कोणीतरी स्पीकरवर विरोधकांचं जुनं प्रचारगीत लावलेलं, त्यात भाषण ऐकूपण येईना. मी ते लाइव्ह बघत होते आणि मला एकदम सातारा आठवला. १८ ऑक्टोबर २०१९. बाबा तुम्ही शरद पवारांच्या त्या पावसातल्या सभेला गेला होतात आणि रात्री निथळत घरी आलात, आई टॉवेल घेऊन दारातच ओरडत होती की त्या माणसाला ७८ व्या वर्षी कळत नाही आणि तुम्हालाही कळत नाही, आणि तुम्ही काय बोललात तर “म्हातारा हलला नाही गं जागचा.” तेव्हा पवारांचा पक्ष संपल्यातच जमा होता, रोज एक आमदार उठून पलीकडे जात होता, मेगाभरती की काय म्हणायचे तिला. त्यांनी लोकसभेला उमेदवार निवडताना चूक झाली असं स्टेजवर कबूल केलं, ५४ जागा आल्या आणि साताऱ्याची पोटनिवडणूकपण काढली. पाऊस दोघांवर सारखाच पडला हो, पण एक माणूस लोकांच्या समोर भिजत होता आणि दुसरा कॅमेऱ्यासमोर. माझं तरी हे मत आहे, तुम्हाला पटणार नाही कदाचित, तुम्ही म्हणाल पवारांना नशिबाने साथ दिली.

पुढचे सहा आठवडे म्हणजे नुसता गोंधळ. अठरा वर्षांच्या पोरांना राष्ट्रीय सेवा सक्तीची करू, पेन्शनवाल्यांची करमाफी वाढवू, रोज एक नवीन घोषणा. दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या लढाईच्या ऐंशीव्या स्मृतिदिनाला फ्रान्सला गेले आणि कार्यक्रम अर्धवट सोडून टीव्हीच्या मुलाखतीसाठी परत आले, दुसऱ्या दिवशी माफी. आणि जूनच्या मध्यावर सगळ्यात भारी झालं. संरक्षणमंत्री ग्रँट शॅप्स चक्क म्हणायला लागले की मजूर पक्षाला अतिप्रचंड बहुमत देऊ नका, ते लोकशाहीला बरं नाही. म्हणजे आम्हाला निवडून द्या हे मागणंच सोडून दिलं, फक्त जरा कमी हरवा! बाबा, आपल्याकडे डिपॉझिट जप्त व्हायची वेळ आली तरी उमेदवार सांगतो ना की अंडरकरंट आहे, निकालाच्या दिवशी बघा. मला आधी हसू आलं, मग वाटलं निदान खरं तरी बोलतोय माणूस. ते स्वतःपण पडले.

बाकीच्यांनी आधीच आपापलं बघितलं होतं. हुजूर पक्षाच्या ७५ खासदारांनी उभंच राहायचं नाही ठरवलं, त्यात माजी पंतप्रधान थेरेसा मे पण, मंत्री मायकल गोव्ह पण. पक्ष बदलणारे इथे मोजकेच, बहुतेक जण सरळ घरी जातात. बऱ्याच उमेदवारांनी पत्रकावर सुनक यांचा फोटोच छापला नाही, पक्षाचं नाव शोधायला भिंग लागावं इतकं बारीक. आणि पंतप्रधानांच्या अगदी जवळच्या एका खासदाराने निवडणूक जुलैत होणार यावर आधीच १०० पौंडांची पैज लावून ठेवली होती, तेपण बाहेर आलं. हरायचंच आहे तर निदान पैज तरी जिंकू!

मला सगळ्यात आवडली ती इथली मतमोजणी. निकाल वाचताना सगळ्या उमेदवारांना एका स्टेजवर ओळीत उभं करतात, जिंकलेला, हरलेला, गंमत म्हणून उभा राहिलेला, सगळे. सुनक यांच्या मागे एक यूट्यूबर हातात मोठ्ठा ‘एल’ लिहिलेला कागद धरून उभा होता, एल म्हणजे लूझर, आणि देशाच्या पंतप्रधानाला तसंच पुढे येऊन बोलायला लागलं. लिझ ट्रस २०१९ ला २६ हजारांनी निवडून आलेल्या, आता ६३० मतांनी पडल्या, स्टेजवर उशिरा आल्या आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. आणि आमच्या शेजारच्या गोडालमिंग अँड ॲशमध्ये, जिथे घराघरासमोर लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या केशरी पाट्या लागल्या होत्या, तिथे अर्थमंत्री जेरेमी हंट ८९१ मतांनी कसेबसे वाचले. भाषणात ते आपल्या मुलांशी बोलले, की आजचा दिवस आपल्याला वाईट वाटेल पण आपण नशीबवान आहोत, इथे असे निर्णय बॉम्बने आणि गोळ्यांनी होत नाहीत, साधी माणसं फुली मारून करतात. हुजूर पक्ष १२१ जागांवर आला. सकाळी सुनक बाहेर आले, सॉरी म्हणाले, तुमचा राग ऐकला म्हणाले, जबाबदारी माझी म्हणाले आणि राजाकडे राजीनामा द्यायला गेले. खासदार म्हणून मात्र पुढे मागच्या बाकावर जाऊन बसले.

आता मजा अशी की जिंकलेल्यांना वर्षभरात तेच भोग. ४११ जागा आल्या पण मतं ३४ टक्केसुद्धा नाहीत, आणि आल्या आल्या म्हाताऱ्यांना थंडीत हीटिंगसाठी मिळणारे पैसे बहुतेकांचे बंद केले. आमच्या पलीकडच्या आजी, आई तुझ्याच वयाच्या, त्या हिवाळ्यात दिवसभर लायब्ररीत बसायच्या, तिथे फुकट ऊब मिळते म्हणून. मग मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत रिफॉर्म नावाच्या पक्षाने धुतलं, त्याच दिवशी रनकॉर्नची पोटनिवडणूक, जिथे साडेचौदा हजारांची आघाडी होती ती जागा सहा मतांनी गेली, सहा! की लगेच जूनमध्ये पैसे परत चालू. आजींना मी म्हटलं अभिनंदन, तर म्हणाल्या, मत मात्र मी अजून ठरवलेलं नाही.

यांना पुढच्या निवडणुकीसाठी २०२९ पर्यंत वेळ आहे. म्हणजे बाबा, वेळ आहे, तिजोरी हातात आहे आणि मार खाल्ल्याचं कळलेलंपण आहे, सुनक यांच्याकडे यातलं पहिलं नव्हतं. तरी मला काही हे सावरतील असं वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, फोनवर नको, फोनवर आई मध्येच जेवलीस का विचारते आणि विषय संपतो.

आई, गुडघ्याचं तेल कुरिअरने पाठवलंय, डब्यावरची चिठ्ठी वाचून मगच लाव.

तुमची,
मिनू