आई, खाऊची बॅग रिकामी ठेव

एरेदिया, कोस्टा रिका

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तिकिटं निघाली आणि लगेच आईची यादी सुरू झाली, असं दादा फोनवर म्हणाला. भाजके पोहे, खिचडीची पाकिटं, छोटा कुकर, दशम्या. आई, यातलं काही आणू नकोस. मेतकूट आण, ते मलाच हवंय. तू मांस-मासे खात नाहीस म्हणून इथे उपाशी राहशील, ही धास्ती मनातून काढून टाक. हा भात आणि उसळ खाणाऱ्यांचा देश आहे. सकाळी भात-घेवडा, दुपारी भात-घेवडा, आणि रात्री उरलेला भात मुद्दाम राखून ठेवायचा, म्हणजे उद्याच्या न्याहारीची सोय झाली.

त्या न्याहारीला गायो पिंतो म्हणतात. शिळा मोकळा भात, शिजवलेला काळा घेवडा त्याच्या थोड्या रसासकट, कांदा, ढबू मिरची, कोथिंबीर, सगळं तव्यावर परतायचं. वरून लिसानो नावाचा तपकिरी, आंबटगोड सॉस. तो १९२० पासून इथे बनतोय आणि त्यात जिरं आहे. पहिल्या घासालाच तुला ते कळेल. सोबत मक्याची भाकरी, आंबट साय, तळलेलं पिकं राजेळी केळं. बाबांना अंडीही मिळतील.

मुख्य सांगायचं ते हे, की जेवायला आपण ‘सोदा’मध्ये जायचं. सोदा म्हणजे घरगुती खाणावळ. चार-सहा टेबलं, स्वयंपाकघरात घरातल्याच बायका, दुपारी बाराला कामगार, शिक्षक, बँकेतली माणसं एकाच बाकावर. पाहुणे येतात, ज्वालामुखी आणि समुद्र बघतात, हॉटेलात पिझ्झा खातात आणि ‘इथलं जेवण सपक असतं’ असं म्हणत परत जातात. मला याचं फार वाईट वाटतं. ज्या ताटावर हा देश जगतो, ते ताट त्यांनी पाहिलेलंच नसतं. दुपारच्या त्या ताटाला कासादो म्हणतात: भात, घेवडा, कोबीची कोशिंबीर, तळलेलं केळं, एखादी बारीक चिरलेली भाजी आणि मासा, कोंबडी किंवा अंडं. साधारण साडेतीन-चार हजार कोलोन (इथलं चलन), म्हणजे सात-आठ डॉलर. तिखटपणा नसतो हे खरं, पण टेबलावर व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मिरच्या, गाजर आणि कांद्याची बरणी असते. बाबा, ती तुमच्यासाठी.

आई, तुझ्यासाठी मात्र काळजी घ्यावी लागते आणि ती मी घेईन. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर ताटात खुशाल कोंबडी येते. म्हणून मांस, कोंबडी, मासा, हॅम, एकेकाचं नाव घेऊन नको म्हणायचं. घेवड्याला कुठे कुठे डुकराच्या चरबीची फोडणी असते आणि भातात कधी कोंबडीच्या अर्काची वडी कुस्करलेली असते. हे आधी विचारलं की कुणाला राग येत नाही, उलट स्वयंपाकीणबाई स्वतः बाहेर येऊन सांगतात. मग कासादोत तुला मांसाऐवजी तळलेलं ताजं चीज देतील. चायोतेची भाजी मिळेल. चायोते दुधीच्या जवळचं, पण घट्ट. कार्तागोकडच्या ओरोसी खोऱ्यात त्याचे मांडवच्या मांडव आहेत, ते दाखवीन. पाल्मितो घातलेला भातही चाख. तो ताडकुळीतल्या झाडाचा कोवळा गाभा असतो.

तुम्ही मार्चमध्ये येताय हे उत्तम झालं. इकडे पाऊस नाही, आंबे सुरू झालेले आणि रस्त्याकडेला काजूची बोंडं. हो, आपलीच लाल-पिवळी बोंडं, पण मूळची या अमेरिका खंडाचीच. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्याला नेली आणि तिथून आपल्या कोकणात पसरली. पेरू, पपई, अननस, सीताफळ, चिकू, मिरचीसुद्धा, सगळी या अमेरिका खंडातली मंडळी. शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथे बाबांना नेलं की ते दोन तास हलणार नाहीत. फळाचं सरबत मागितलं की ‘पाण्यात की दुधात?’ असं विचारतात. कास नावाचा आंबट पेरू पाण्यातच घ्या. चिंचेचं सरबतही जागोजाग असतं, आणि ही चिंच मात्र आफ्रिका-आशियाकडून इकडे आलेली.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्याच्या सुमारास घरोघरी चिवेरे शिजतं. हा एक मोठा पांढऱ्या गराचा भोपळा. त्याचे धागे काढून गूळ, दालचिनी, लवंग घालून मंद आटवतात आणि करंज्यांत भरतात. गूळ म्हणजे खराखुरा उसाचा गूळ, गोल ढेपा, दुकानात सहज मिळतात. थंडीत डोंगरावर गरम गूळपाणी पितात, कुणी त्यात दूध घालतं.

कॉफीबद्दल बाबांनी विचारलं होतं. लाकडी घोडीला कापडी पिशवी अडकवतात, तीत पूड आणि वरून उकळतं पाणी. १९८९ पासून जवळजवळ तीस वर्षं इथे कायद्याने फक्त अराबिकाच लावता येत होती. दुपारी तीनच्या सुमारास कॉफी आणि पाव, हे घरोघरी ठरलेलं.

राजधानी सान होसेचा मेर्कादो सेंत्राल, म्हणजे मध्यवर्ती बाजार, १८८०चा आहे, अरुंद गल्ल्यांचा. तिथे लोलो मोराचं आइस्क्रीम १९०१ पासून चालू आहे. एकच प्रकार, दालचिनी-जायफळाचा वास असलेला. आई, बासुंदीची आठवण येईल.

आता बाबांची गोष्ट. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या पुंतारेनासला आपण समुद्रावर सेविचे खाऊ. कच्च्या माशाला लिंबाच्या रसातच मुरवतात. चांगल्या गिऱ्हाइकीच्या ठिकाणीच खायचं, एवढं पथ्य. पण मला तुम्हाला खरं न्यायचंय ते लिमोनला, कॅरिबियन किनाऱ्यावर. सान होसेहून तिथवरची रेल्वे १८९० मध्ये पुरी झाली. ती बांधायला जमैकाहून आलेले काळे मजूर नंतर केळीच्या मळ्यांत राहिले, आणि त्यांचा स्वयंपाक हा या देशाच्या जेवणातला सर्वात चवदार भाग आहे असं माझं ठाम मत आहे. तिथे भात नारळाच्या दुधात, लाल घेवड्याबरोबर शिजतो, वर एक अख्खी झणझणीत मिरची सोडतात आणि ती फुटू द्यायची नाही. रोंदोन म्हणजे मासे, कंद, केळी आणि नीरफणस नारळाच्या रसात मंद आचेवर शिजवलेलं. आपल्या परसातला नीरफणस आठवतो ना? मासे नसलेलं मागून घेता येतं. पिक्या केळ्याची गोड करंजीही तिथलीच, आणि आलं-लिंबू घातलेलं गुळाचं सरबत.

पैशांचं: कायद्याने मेन्यूतली किंमत कर आणि सेवाशुल्क धरूनच असायला हवी. १३ टक्के कर आणि टेबलावर जेवलात तर १० टक्के सेवाशुल्क. त्यामुळे बाबा, टेबलावर आणखी नोटा ठेवायला नकोत. नळाचं पाणी एरेदियात आणि सान होसेत बिनधास्त प्या. आजूबाजूच्या टेबलावरचे अनोळखी लोक जाताना ‘बुएन प्रोवेचो’ म्हणतील, म्हणजे ‘सावकाश जेवा’ असंच काहीसं; तुम्ही ‘ग्रासियास’, म्हणजे धन्यवाद, म्हणा.

शेजारच्या आजींनी तुम्हाला रविवारी जेवायला बोलावलंय. त्यांना घेवड्यात चरबी नको हे सांगून झालंय. परतफेडीला आपण त्यांना उकडीचे मोदक घालू. नारळ आणि गूळ इथला. तांदळाची पिठी मात्र इथली चिकट निघत नाही, तेव्हा बॅगेत एक किलो आंबेमोहोराची पिठी आण, आई, बंद पाकिटातली.

तुमची,
मनू