माटवीच्या लाकडांविषयी, चि. बाय हिस

कुडाळ,
दि. २ ऑगस्ट २०२६

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

यंदा गणपतीवर आपल्याकडच्यासारखी माटवी, म्हणजे फळे-पाने बांधायची लाकडी चौकट, असावी, असे तुझ्या सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, हे तुझ्या आईने एव्हाना वाडीतल्या चार घरी सांगितले आहे. आपली माटवी पाठवता येईल का, असे तू विचारलेस. ती इथल्या गणपतीवर लागते, आणि माजघराच्या भालाला, म्हणजे तुळईला, टांगण्याच्या मापाची असल्यामुळे तुमच्या फ्लॅटमध्ये मावणारही नाही. चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. सहा आठवडे हातात असताना तुम्हीच एक करावी, असे मला वाटते. जावईबापूंच्या चाकणच्या कारखान्यात मालाबरोबर आलेली लाकडी पॅलेट टाकाऊ म्हणून पडून असतात, असे तू मागे म्हणाली होतीस. आपली माटवीसुद्धा टाकाऊ लाकडाचीच आहे. आजोबांनी घरावरचे नळे उतरवून मंगळुरी कौले घातली, तेव्हा उरलेल्या सागाच्या रिपांतून त्यांनी ती केली.

पॅलेट उचलण्याआधी त्यावरचा शिक्का पाहा. परदेशी मालाबरोबर येणाऱ्या लाकडावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असते आणि त्याशेजारी काही अक्षरे. ‘एचटी’ असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटे तापवून कीडमुक्त केलेले आहे, ते खुशाल घ्या. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे; ज्या फळांचा पुढे प्रसाद व्हायचा, ती अशा लाकडाला बांधायची नाहीत. तेलाचे डाग किंवा रसायनाचा वास असलेली फळीही नको.

पॅलेटचे खिळे पिळाचे असतात, ते उपटायला गेले की फळी टोकाशी फाटते. म्हणून फळी आणि ठोकळा यांच्या फटीत हॅकसॉचे पाते घालून खिळेच कापावेत. आत राहिलेली तुटकी टोके लोहचुंबक फिरवून शोधा, नाहीतर रंध्याच्या पात्याला खांडे पडतील. साधारण चार इंच रुंदीची फळी उभी चिरली की दोन-दोन इंचांच्या पट्ट्या मिळतात. हे लाकूड बहुधा पाइनचे, म्हणजे आपल्या सागापेक्षा पुष्कळ मऊ, तेव्हा पाऊण इंचाहून पातळ पट्टी घेऊ नका आणि मोठी गाठ असलेली पट्टी भारासाठी वापरू नका. चार फूट लांब आणि अडीच फूट रुंद चौकट तुम्हाला पुरेल. तिच्यात सहा-सहा इंचांवर आडव्या पट्ट्या घाला.

आता सांध्याविषयी. हे मी जरा लांबवून लिहितो, कारण यात मी स्वतः चुकलो आहे. १९९६ साली मला आजोबांची माटवी जुनाट वाटली आणि मी हौसेने नवी केली. पट्ट्या नाजूक, कडेला नक्षी, वर वॉर्निश. आडव्या पट्ट्या मात्र मी चौकटीला खालच्या बाजूने खिळ्यांनी ठोकल्या, म्हणजे टांगलेल्या प्रत्येक नारळाचे वजन ते खिळे खाली ओढत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीत एक पट्टी सुटली आणि दोन नारळ व एक चिबूड मूर्तीच्या किरीटापासून वीतभर अंतरावरून खाली आले. आजोबा आरती संपेपर्यंत काही बोलले नाहीत. नंतर माळ्यावरची जुनी माटवी काढायला लावून म्हणाले, ‘माटवीक शोभा नको, जोर होयो.’

त्यांच्या माटवीत चौकटीच्या लांब पट्ट्यांना वरून निम्म्या जाडीची खाच आहे, आडव्या पट्ट्यांना खालून तेवढीच, आणि आडवी पट्टी वरून खाचेत बसते. त्यामुळे भार वाढेल तसा सांधा अधिकच दाबला जातो. तुम्हीही तसेच करा. गुण्या लावून रेघ मारा, करवतीने दोन काप घ्या आणि मधले लाकूड पटाशीने काढा. खाच किंचित घट्टच ठेवा. फेव्हिकॉल लावून वरून एकेक स्क्रू बसवला की झाले. रंगरोगण करू नका. आंब्याचे टाळ बांधल्यावर लाकूड कोणाला दिसणार आहे?

टांगण्याची खटपटही करू नका, कारण तुमच्याकडचे जिप्समचे छत एवढा भार घेणार नाही. सोललेला नसलेला नारळच किलो-सव्वा किलोचा होतो. त्यात सुपारीची शिपटी, तवशी, दोडकी, पडवळ आणि केळ्यांचा घड धरला की एकूण वजन वीस-पंचवीस किलोंवर जाते. चार खांब करून माटवी त्यांवर ठेवावी, मागे आणि दोन्ही बाजूंना तिरके आधार द्यावेत, पुढची बाजू मोकळी सोडावी. खांब नटबोल्टने जोडा, म्हणजे विसर्जनानंतर सगळे सुटे करून पलंगाखाली सरकवता येईल. तयार झाल्यावर पंधरा-पंधरा लिटरच्या दोन बादल्या पाणी भरून रात्रभर टांगून ठेवा. सकाळपर्यंत कोठे कुरकुरली नाही, तरच तिच्याखाली देव बसवायचा.

बांधायला प्लास्टिकची दोरी वापरू नकोस. केवणीच्या सालीचा दोर मी पाठवतो. कवंडळे, कांगण्या, हरणे, कळलावी ही रानातली फळे-फुले आणि शेरवडाची पाने पुण्याच्या बाजारात शोधत बसू नका. तीही चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटे तुमच्याकडे पोहोचतील, अशा बेताने रात्रीच्या गाडीने देतो. कवंडळ दिसायला लालभडक असले तरी विषारी आहे आणि कळलावीही तशीच, तेव्हा ती दोन्ही छोटीचा हात पोहोचणार नाही अशी मधोमध बांध.

खांब कापण्यापूर्वी पाटासकट मूर्तीची उंची मोजून मला कळव. लोंबणारी फळे आणि किरीट यांच्यात हातभर जागा राहिली पाहिजे, आणि तो हिशेब मला इथे बसून करायचा आहे.

सासूबाईंना आमचा नमस्कार सांग.

तुझे,
बाबा