बाबा, एफडी मोडू नका

आई, बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले एवढ्या कमी डाउन पेमेंटवर घर कोण देतं, काहीतरी गोची असणार, म्हणून सगळं नीट लिहूनच पाठवतोय. इकडे शार्लटमध्ये तीन लाख डॉलरचं घर धरलं तर २० टक्के म्हणजे साठ हजार आधी भरायचे, कमी भरले की हप्त्याबरोबर दर महिन्याला पीएमआय नावाचा इन्शुरन्स, तो पण बँकेच्या सेफ्टीसाठी, आपल्या नाही. म्हणून दोन वर्षं मी घराचं नाव काढलं नव्हतं.

मग ऑफिसमधली एकजण म्हणाली, घर बघायच्या आधी त्याचा सेन्सस ट्रॅक्ट बघ. जनगणनेसाठी अख्ख्या देशाचे छोटे तुकडे केलेत, एकेकात साधारण ४००० माणसं. प्रत्येकाला ११ आकडी नंबर, आमच्याकडचे सगळे ३७११९ ने सुरू होतात, ३७ नॉर्थ कॅरोलिना आणि ११९ आमची मेक्लेनबर्ग काउंटी. सरकारी साइटवर पत्ता टाकला की तिथल्या कुटुंबांची कमाई आजूबाजूच्या एरियाच्या मानाने किती ते कळतं, ५० टक्क्यांच्या खाली लो, ५० ते ८० च्या आत मॉडरेट. बँका अशा भागात कर्ज देतात की नाही हे १९७७ च्या कायद्याने तपासलं जातं, म्हणून काही बँका तिथल्या घरांसाठी खास स्कीम काढतात.

आम्हाला दोन घरं आवडली होती, मधे फक्त एक रस्ता. पण तो रस्ता म्हणजे ट्रॅक्टची हद्द, त्यामुळे अलीकडच्याला स्कीम नाही आणि पलीकडच्याला ३ टक्के डाउन पेमेंट, पीएमआय माफ, वर बँकेची थोडी मदत जी परत फेडायची नाही! माझा पगार तोच, क्रेडिट स्कोअर तोच.

हे वाचताना कळलं की १९३० च्या दशकात इथे सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवून धोक्याच्या ठरवल्या होत्या, अशा वस्त्यांना पिढ्यानपिढ्या कर्ज मिळणं मुश्कील. खूप वाईट वाटलं. त्यामुळे आधी लोन ऑफिसरला विचारलं, मी कोणाच्या हक्काचं तर घेत नाहीये ना? ती म्हणाली ही स्कीम घराचा पत्ता बघते, आणि तू तिथे स्वतः राहणार आहेस. राहणारच आहोत.

ट्रॅक्टवरून शाळा, छप्पर, पाइप काही कळत नाही, म्हणून इन्स्पेक्शन करतोय.

आणि बाबा, एफडी मोडू नका. तुमच्याकडून पैसे आले तर हे कर्ज नाही असं गिफ्ट लेटर तुमच्या सहीने द्यावं लागतं, आणि आता त्याची गरजच नाही. आई, वास्तुशांतीला ये फक्त.

तुमचा,
बंड्या