कॉइन ऑफलाइन ठेवलेत, पण घरच्यांना ते काढता येतील का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी तुमच्या अर्थविषयक पुरवणीत क्रिप्टोवर एक लेख आला होता. त्यात शेवटी एवढंच म्हटलं होतं की वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर एक्स्चेंजवर, म्हणजे कॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे, ठेवू नका, हार्डवेअर वॉलेट (कॉइनची किल्ली ऑफलाइन सांभाळणारं छोटं यंत्र) घ्या. सल्ला बरोबर आहे, पण लेख तिथेच संपला आणि खरं काम तर तिथून पुढे चालू होतं. मी नाशिकला मोबाइल-लॅपटॉप रिपेअरिंगचं दुकान चालवतो, काउंटरवर बंद पडलेले फोन येतात आणि हल्ली त्यातल्या काही जणांना फोनचं काही पडलेलं नसतं, त्यांना आतलं वॉलेट हवं असतं. त्यांचे चेहरे बघून हे पत्र लिहितोय. क्रिप्टो घ्यावं की घेऊ नये यात मला पडायचं नाहीये, ज्यांनी घेतलंय आणि दहा-पंधरा वर्षं हात लावायचा नाही असं ठरवलंय त्यांच्याबद्दल बोलतोय.

आधी एक्स्चेंजचं. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे १९०० कोटी रुपयांच्या वर, चोरीला गेले, लोकांचे क्रिप्टोचे विथड्रॉवल बंद झाले, मामला सिंगापूरच्या कोर्टात गेला आणि एक्स्चेंज परत चालू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. माझे दोन-तीन गिऱ्हाईक त्यात अडकले होते. तेव्हापासून जो तो म्हणतो की आपलं आपल्याकडे ठेवायचं, आणि ते ठीकच आहे. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट नावाच्या एक्स्चेंजचं जवळपास दीडशे कोटी डॉलरचं इथेरियम नावाचं कॉइन गेलं ते त्यांच्या कोल्ड, म्हणजे इंटरनेटपासून दूर ठेवलेल्या, वॉलेटमधूनच गेलं हे कुणी सांगत नाही. व्यवहाराला मंजुरी म्हणून डिजिटल सही करणाऱ्यांना कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि सही झाली ती भलत्याच व्यवहारावर. म्हणून हार्डवेअर वॉलेटवर जो बारीकसा स्क्रीन असतो ना, तोच खरा धरायचा, लॅपटॉपवरचा नाही. अ‍ॅड्रेस (वॉलेटचा खाते क्रमांकच समजा) पूर्ण जुळवायचा, पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून ओके दाबायचं नाही, कारण तशीच अक्षरं असलेले फसवे अ‍ॅड्रेस मुद्दाम बनवून तुमच्या हिस्टरीत टाकले जातात.

आता मुख्य गोष्ट. त्या पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या डब्यात कॉइन नसतात. कॉइन असतात ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या कॉम्प्युटरवर ठेवलेल्या सामाईक हिशेबवहीत, डब्यात फक्त किल्ली असते, आणि ती किल्ली परत तयार करायचा रस्ता म्हणजे सुरुवातीला दाखवलेले १२ किंवा २४ इंग्रजी शब्द. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतले असतात, अबॅन्डनपासून झूपर्यंत, त्यात पहिली चार अक्षरं सारखी असलेले दोन शब्द सापडत नाहीत, आणि शेवटच्या शब्दात आधीच्या सगळ्यांचा ताळा बसवलेला असतो त्यामुळे कुठे चूक झाली तर बहुतेक वेळा लगेच कळतं. डबा हरवला, जळला, कंपनी बुडाली तरी हे शब्द त्याच क्रमाने दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्येही टाकून सगळं परत मिळतं. आणि शब्द गेले, डबाही गेला, तर संपलं. सातबारा हरवला तर तलाठ्याकडून दुसरा काढता येतो, इथे कुणी तलाठीच नाही.

एक प्रसंग सांगतो. मागच्या पावसाळ्यात एक ताई मुलाला घेऊन दुकानात आल्या. मिस्टर अचानक गेले होते, कपाटात हार्डवेअर वॉलेट सापडलं, पिन कुणालाच माहीत नव्हता. मुलाने अंदाजाने वाढदिवस, गाडीचा नंबर असं टाकून बघितलं आणि तिसऱ्या चुकीला डिव्हाइस पुसलं गेलं, काही मॉडेल असंच करतात, चोरासाठी ती सोय असते. मी म्हटलं हरकत नाही, शब्द शोधा. दोन दिवसांनी एलआयसीच्या फाइलमध्ये एक वहीचं पान सापडलं, छान सुवाच्य अक्षर, १ ते १२ आकडे आणि पुढे शब्द, आणि खाली लिहिलेलं, "उरलेले १२ सेफ जागी". ती सेफ जागा कुठली ते फक्त त्यांना माहीत. बारा शब्द आहेत तर बाकीचे कॉम्प्युटरवर अंदाजाने काढता येतील का असं मुलगा विचारत होता, नाही येत, जगातले सगळे कॉम्प्युटर लावले तरी नाही. अ‍ॅड्रेस माहीत असल्यामुळे बॅलन्स मात्र फोनवर व्यवस्थित दिसतो, अजूनही दिसतो, आणि त्या ताईंना ते समजावून सांगणं मला फार जड गेलं.

त्या माणसाने निष्काळजीपणा केला नव्हता, उलट जास्तच काळजी घेतली होती. म्हणूनच लिहितोय, कारण यूट्यूबवर बघून लोक असेच जुगाड करतात, अर्धे शब्द इथे अर्धे तिथे, कुणी क्रम उलटा लिहितो, कुणी मधला एक शब्द मुद्दाम बदलतो, कुणी वरून आणखी एक पासफ्रेज (शब्दांशिवाय स्वतः ठरवलेला जादा पासवर्ड) लावतो आणि ती डोक्यात ठेवतो. चोराला त्रास होतो की नाही माहीत नाही, घरच्यांना नक्की होतो. बारा शब्द सहा-सहा करून ठेवले तर उलट सुरक्षा कमी होते, अर्धा कागद ज्याच्या हाती लागला त्याचं काम खूपच सोपं होतं. खरंच विभागून ठेवायचं असेल तर त्यासाठी केलेल्या पद्धती आहेत, तीनपैकी दोन किल्ल्या लागणारं मल्टिसिग किंवा शमीरच्या पद्धतीचा बॅकअप (असे भाग की ठरलेले काही एकत्र आले तरच किल्ली तयार होते), पण ते नीट शिकूनच करा. आणि डोक्यावर भरवसा तर नकोच. स्टीफन थॉमस नावाच्या अमेरिकेतल्या प्रोग्रॅमरचे ७००२ बिटकॉइन आयर्नकी नावाच्या पासवर्डने बंद होणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये आहेत, पासवर्डचा कागद हरवला, १० संधी असतात त्यातल्या ८ वाया गेल्याचं २०२१ मध्ये जगभर छापून आलं होतं. वेल्समधल्या जेम्स हॉवेल्सची हार्डडिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली, ८००० च्या आसपास बिटकॉइन, कचरा डेपो खणू द्या म्हणून तो कोर्टात गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला. ही माणसं कॉम्प्युटर कळणारी होती हो.

शब्द लिहायचे कशावर, हा प्रश्न साधा वाटतो पण आपल्याकडच्या हवेत तो मोठा आहे. कागद वाळवी खाते, बॉलपेनची शाई पाण्याने फुटते, एटीएमच्या पावतीसारखा थर्मल कागद तर दोन वर्षांत कोरा होतो. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ ला चिपळूण-महाडला घरातली कपाटं पाण्यात होती, त्यात किती कागद गेले ते तिथल्या लोकांना विचारा. पेनड्राइव्ह पण नको, वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर त्यातला डेटा टिकेलच याची खात्री नाही, मी रोज बघतो. त्यापेक्षा एसएस ३०४ स्टेनलेस स्टीलचा जाड पत्रा घ्या, आमच्याकडे सातपूर-अंबडला कुठल्याही वर्कशॉपमध्ये तुकडा मिळतो, हार्डवेअरच्या दुकानातून लेटर पंच सेट आणा आणि हातोडीने एकेक अक्षर स्वतः ठोका. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात, आधी नंबर टाका, क्रम चुकता कामा नये. ते स्टील १४०० अंशांच्या आसपास वितळतं, घराच्या आगीत तेवढी वेळ सहसा येत नाही. फक्त कोरून देणाऱ्याकडे देऊ नका, झेरॉक्स काढू नका, आणि माझ्यासारख्या रिपेअरिंगवाल्याला तर अजिबात दाखवू नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

असं दोन ठिकाणी ठेवा, एकाच घरात दोन नाही. दुसरं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं तर एक फायदा आहे, लॉकरला नॉमिनी लावता येतो. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या माणसाची लबाडी यात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत बँकेची जबाबदारी आहे, पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत नाही, आणि ती रक्कम कॉइनच्या मानाने काहीच नसते, म्हणून एकट्या लॉकरवरही राहू नका.

फोटो काढायचा नाही. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरी दर दुसऱ्या फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट असतो, आणि गॅलरीचा आपोआप क्लाउडवर बॅकअप जातो, मग ऑफलाइन राहिलं काय? २०२५ च्या सुरुवातीला कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने स्पार्ककॅट नावाचं मालवेअर शोधलं, ते गॅलरीतले फोटो वाचून हे शब्द शोधायचं आणि ते असलेली अ‍ॅप प्ले स्टोअर आणि अ‍ॅपल स्टोअर दोन्हीकडे होती. वॉलेटसुद्धा कंपनीच्या साइटवरून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, सेकंडहँड नको, आणि डब्यात आधीच शब्द छापलेलं कार्ड निघालं तर ते सरळ फसवणुकीचं समजा. लेजर या हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या कंपनीच्या सुमारे पावणेतीन लाख गिऱ्हाइकांची नावं-पत्ते-फोन २०२० मध्ये फुटले, त्यानंतर काही जणांच्या घरी चक्क पोस्टाने बनावट डिव्हाइस आले होते. शब्द विचारणारा माणूस चोरच असतो, त्याने कंपनीचं नाव सांगो, बँकेचं सांगो की पोलिसांचं. आपल्या पुण्यातच गेनबिटकॉइन या क्रिप्टो गुंतवणूक घोटाळ्याच्या तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना मार्च २०२२ मध्ये अटक झाली, आरोप असा की जप्त केलेल्या वॉलेटमधली क्रिप्टो त्यांनीच वळवली.

आता जे कुणी करत नाही ते. पैसे टाकायच्या आधी वॉलेट एकदा मुद्दाम पुसून परत उभं करून बघा. पाचशे-हजार रुपयांचं काहीतरी पाठवा, डिव्हाइस रिसेट करा, पत्र्यावरचे शब्द वाचून परत टाका, बॅलन्स दिसला तरच बाकीचं पाठवा. अर्धा तास लागतो. शब्द लिहिताना झालेली चूक इथेच पकडली जाते, नाहीतर ती दहा वर्षांनी कळते. आणि माझी कळकळीची विनंती आहे की दुसऱ्या वेळेला हेच काम बायकोला किंवा मुलीला करायला लावा, तुम्ही शेजारी बसा पण हात लावू नका. त्या कुठे अडकतात ते बघा आणि तेवढंच एका साध्या कागदावर मराठीत लिहा, वॉलेट कुठल्या कंपनीचं, आत काय काय आहे, पत्रा कुठे ठेवलाय, पासफ्रेज आहे की नाही, अडलं तर घरातल्या कुणाला विचारायचं आणि कुणाला अजिबात विचारायचं नाही. शब्द मात्र त्या कागदावर नकोत, मृत्युपत्रातही नकोत, मृत्युपत्र दहा जणांच्या हातातून जातं. मृत्युपत्रात एवढंच लिहा की क्रिप्टो आहे आणि कुणाला द्यायचं.

बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, विसरलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे. स्वतःच्या वॉलेटला यातलं काहीच नाही, असणारही नाही. त्याच कागदाबरोबर खरेदीचे स्टेटमेंट प्रिंट काढून ठेवा. नफ्यावर ३० टक्के कर आहे, वजा फक्त खरेदीची किंमत होते, आणि ज्या एक्स्चेंजवर २०१८ ला घेतलं ते २०३५ ला असेलच असं नाही, मग मुलं ती किंमत कशी दाखवणार? स्वतःचं स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवणं म्हणजे विक्री नाही, पण तारीख आणि व्यवहाराचा नंबर लिहिलेला असला तर सीएला सोपं जातं.

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला भाव छापून येतात, कुठलं कॉइन किती वर गेलं ते छापून येतं. एकदा अर्धं पान यावर द्या, कुणीतरी जाणकार माणूस बसवून वॉलेट पुसून परत कसं उभं करायचं ते चित्रांसकट दाखवा, माझ्या काउंटरवर येणाऱ्या लोकांना ते भावापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आणि ज्यांनी शब्दांचा फोटो आधीच काढलाय त्यांनी नुसता डिलीट करून थांबू नका, तो बॅकअपमध्ये कुठे राहिलाय ते सांगता येत नाही. नवीन वॉलेट बनवा, नवीन शब्द पत्र्यावर घ्या, पुसून-उभं करून बघा आणि सगळे कॉइन तिकडे हलवा, फी लागते तेवढी लागू द्या. हे या रविवारीच करा.

आपला एक नियमित वाचक,
सिडको, नाशिक

(नाव आणि दुकानाचं नाव छापू नये ही विनंती.)